सूक्ष्मदर्शकावरचा आळ

मित्रांनो, मी साक्रीच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. मला नळी एकच, त्यामुळे माझ्यात बघायचे तेही एकाच डोळ्याने.

जीवशास्त्राच्या हसीना मॅडमनी मला फार जीव लावला. त्यांचे घर धुळ्याला, पण घरी वाट बघणारे कुणी नव्हते. कॉलेज सुटले तरी त्या माझ्यापाशी बसून राहत. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यांवर स्लाइम मोल्ड नावाचा बुरशीसारखा जीव उगवे. त्याची मोहरीहून बारीक फळे त्या चिमट्याने उचलत आणि काडेपेटीत जपून ठेवत. माझ्या भिंगाखाली त्यांना आधी देठ दिसे, मग देठावरचे डोके. डोके फुटले की आत रेशमासारखी जाळी आणि तिच्यात अडकलेले तपकिरी बीजाणू.

"सुभानअल्ला! काय विणकाम आहे!" त्या स्वतःशीच म्हणत. ऐकायला मी एकटाच असे.

एका वर्षी ती जाळी त्यांना दिसेना. त्यांनी माझे भिंग पुसले, आरसा फिरवला, पुन्हा भिंग पुसले. शेवटी खिन्नपणे म्हणाल्या, "हा गेला कामातून."

मला तर सारे लख्ख दिसत होते! पण सांगणार कसे?

शिपाई भटूनानांनी विचारले, "मॅडम, हाई आते भंगारमा टाकानं का?"

"नको नाना. कपाटात ठेवा."

माझ्या जागी दोन्ही डोळ्यांनी बघायचा नवा सूक्ष्मदर्शक आला. दोन वर्षे मी अंधारात काढली. बाहेर मॅडमचा आवाज येई, पण त्यात माझे नाव कधी नसे.

मग प्रशील सर नव्याने रुजू झाले. त्यांनी मला बाहेर काढले, काडेपेटीतले एक फळ काचेवर ठेवले आणि ओरडलेच, "मॅडम, हा तर उत्तम आहे! जाळीचा तंतू न् तंतू दिसतोय."

मॅडम लगबगीने आल्या. नेहमीसारखा उजवा डोळा लावला. "कुठे? सगळा धूरच दिसतोय."

सर जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "डाव्या डोळ्याने बघा बरं."

मॅडमनी बघितले. जाळी लख्ख दिसली. मग माझ्या नळीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तू बरा होतास रे."

धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नजर परत येणार नव्हती. औषधाने डावा डोळा तेवढा राखता आला. दिवाळीत मॅडम निवृत्त झाल्या. प्रशील सर मला रोज पुसतात, पण माझ्यापाशी बसून बोलणारे आता कुणी नाही.

मित्रांनो, एखाद्या मुक्या वस्तूला दोष देण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी बघायला बोलवा. मॅडमना तेव्हा बोलवायला जवळ भिंगातले कळणारे कुणी नव्हते, आणि मला हाक मारता येत नव्हती.