आवाज तेवढा राहू द्या

आमच्या सासऱ्यांच्या आधी त्यांच्या गाडीचा आवाज घरात यायचा. गल्लीच्या तोंडाशी एक काटकोनी वळण आहे. तिथे स्टिअरिंग फिरलं की बॉनेटखालून असा काही विव्हळण्याचा सूर निघायचा की शेजारच्यांचं कुत्रं उठून जागा बदलायचं. तो सूर बराच वेळ चालायचा, मग थांबायचा आणि मग गाडी सावकाश फाटकाशी येऊन उभी राहायची. तेवढ्या वेळात आमचं घर सुधारायचं.

सुधारायचं म्हणजे काय, ते सांगते. टीव्ही बंद व्हायचा आणि त्याच्या पाठीवरून ओलं फडकं फिरायचं, कारण बाबा, म्हणजे सासरे, आल्या आल्या तिथे हात ठेवून तो गरम आहे का ते बघत. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मागच्या दारात ओढत असलेली सिगारेट कुंडीत खुपसायचे आणि तोंडात लवंग टाकायचे. त्या कुंडीतलं झाड कधीच गेलं, पण कुंडी हलवायची कोणाची हिंमत नव्हती. माझा नवरा टीपॉयवरचे पाय खाली घेऊन एक जाडजूड पुस्तक उघडून बसायचा. लग्न झाल्यापासून मी त्याला त्याच पानावर पाहते आहे. मी रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद करत पळायचे. आणि सासूबाई डोळ्यांवरचा बाबांचा जुना चष्मा काढून खणात ठेवायच्या.

बाबा निवृत्त तपासनीस. कचेऱ्यांची अचानक तपासणी करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तेव्हा कचेऱ्या सुटल्या आणि आम्ही सापडलो. घर म्हणजे काही कार्यालय नव्हे, असं ते नेहमी म्हणत आणि ते कार्यालयासारखं चालवत. त्यांचा मुख्य आक्षेप मोठ्याने हसण्यावर होता. कोणी हसलं की ते शांतपणे विचारत, "काय झालं हसायला?" आणि ते एकदा समजावून सांगितलं की कुठलाही विनोद जागच्या जागी मरतो. माझं माहेर भांडखोर आणि हसरं. इथे आल्यावर पहिले काही महिने मला वाटायचं, आपण या घरात गुदमरणार.

मग एका संध्याकाळी बाबा त्यांच्या ज्येष्ठ मंडळाच्या बैठकीला गेले आणि सासूबाईंनी खणातून तो चष्मा काढला. नाकाच्या शेंड्यावर बसवला, हात मागे बांधले आणि टेबलावरून बोट फिरवून ते बोट माझ्यासमोर धरलं. "हे काय आहे?" आवाज त्यांचा, पण माणूस बाबाच. नवऱ्याचा हात आपसूक पुस्तकाकडे गेला. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून बाबा बाहेर असतात तो संध्याकाळचा वेळ माझा झाला. तो नसता तर मी या घरात टिकले नसते. हे मी नवऱ्याला सांगितलं आहे आणि त्याने ते नाकारलेलं नाही.

त्यामुळे गाडीचं स्टिअरिंग जड झालं तेव्हा मला गाडीपेक्षा तिच्या आवाजाची काळजी लागली.

सुरुवातीला बाबा नुसते घामाघूम होऊन येत. मग एकदा वळणावर चाक वेळेत वळलंच नाही, गाडी फुटपाथवर चढली आणि विजेच्या खांबाला टेकली. खांब सरळ राहिला, दिवा फुटला. बाबा म्हणाले, आता हिला दाखवलं पाहिजे. सगळ्या घराचं धाबं दणाणलं. नवरा म्हणाला, जुन्या गाडीला थोडा आवाज असायचाच, त्यात काय दाखवायचं. भावजींचं म्हणणं, आवाज आहे म्हणूनच रस्त्यावरची माणसं बाजूला होतात. मी म्हटलं, दुरुस्तीला नेली की चार नवीन दुखणी घेऊन येते. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नवल म्हणजे त्यांना ते पटलं. काही दिवस थांबू, म्हणाले. बाबांना आमचं काही पटतंय याचाच खरं तर आम्हाला संशय यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात ते मनगट बांधून घरी आले. तेव्हा सासूबाईच कडाडल्या. "उद्याच्या उद्या गाडी टाका दुरुस्तीला. हात मोडून घ्यायचाय का?" बाबा मान खाली घालून बरं म्हणाले. आम्ही तिघांनी सासूबाईंकडे असं पाहिलं, जणू त्या फितूर झाल्या होत्या. त्यांना त्याची पर्वा नव्हती. नक्कल करण्यापुरता तरी नवरा धडधाकट हवा, असं त्या नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, पण म्हणताना हसल्या नाहीत.

गॅरेजवाल्याला सगळे प्राध्यापक म्हणतात, कारण तो दुरुस्ती थोडी आणि व्याख्यान फार देतो. गाडी त्याच्याकडे पोचली त्या दुपारी मी आणि भावजी गुपचूप तिथे गेलो. एका मोडक्या गाडीची मागची सीट भिंतीला लावून त्याने पाहुण्यांसाठी सोफा केला होता. आम्ही त्यावर अवघडून बसलो. कोण बोलणार यावर बरीच नेत्रपल्लवी झाली. शेवटी मीच म्हटलं, "स्टिअरिंग हलकं करा. पण आवाज तेवढा राहू द्या."

प्राध्यापकाने हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात."

"सगळा नको," भावजी म्हणाले. "वळणापुरता."

"मी काय बँडवाला आहे?"

मग व्याख्यान झालं. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल दाबून पुढे ढकलतो, त्या तेलाच्या जोरावर चाकं वळतात आणि म्हणून माणसाचे हात वाचतात. आमच्या पंपाची आतली पाती झिजली होती, बेअरिंग खिळखिळं झालं होतं. झिजलेला पंप विव्हळणार, चांगला पंप गप्प राहणार. यात तडजोड नाही. आम्ही त्या सोफ्यावरून उठून परत आलो.

या गाडीचे पंप आता निघतही नाहीत. प्राध्यापकाने भंगारात गेलेल्या एका तसल्याच गाडीचा चांगला पंप मिळवला, त्याला नवीन सील घातले आणि बसवला. गाडी आणायला बाबांबरोबर मी गेले. आता कसला आवाज येतो, हे घरात कोणाला तरी माहीत असायला हवं होतं. पुढची चाकं जॅकवर उचललेली होती आणि प्राध्यापक स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून तेलातली हवा काढत होता. तेलाच्या डबीतून बुडबुडे येत होते.

"टोकाला नेलं की लगेच मागे," तो म्हणाला. "तिथे धरून ठेवायचं नाही." मग त्याने जुना पंप उचलून आमच्या नाकासमोर धरला. त्यातलं तेल काळं झालं होतं आणि जळका वास मारत होतं. "हा म्हातारपणाने गेलेला नाही. याचा छळ झालाय. गाडी उभी करून कोणीतरी स्टिअरिंग टोकापर्यंत पिळतं आणि तसंच धरून बसतं. रोज. तेलाला जायला वाट नाही, पंप आत डोकं आपटतो आणि बोंब मारतो. कोणाची सवय आहे ही?"

बाबा भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांकडे बघत होते. "गाडी घरात इतरही चालवतात," ते म्हणाले.

आमच्या घरात ती गाडी धुवायलासुद्धा कोणाला किल्ली मिळत नाही. पण भावजी काय करतील याचा नेम नाही, म्हणून मी मनातल्या मनात आळ त्यांच्यावर घातला आणि मोकळी झाले.

परतताना गाडी वळणावर लोण्यासारखी वळली. कुत्रं झोपून राहिलं. मला वाटलं, बाबा खूश होतील. ते वळण संपल्यावरही कशाची तरी वाट बघितल्यासारखे कान देऊन बसले होते.

त्यानंतर आमचे हाल सुरू झाले. भावजींना गच्चीवर पहाऱ्याला बसवलं, तर तिथे त्यांना सिगारेट ओढायला निवांत जागा मिळाली आणि ते रस्त्याकडे पाठ करून बसले. टीव्ही लावायची सोय उरली नाही. नवऱ्याला पुस्तकाचं पान उलटावं लागलं. सासूबाई खणाकडे बघत आणि भाजी निवडायला घेत. घर कायमचं सुधारलं होतं आणि राहायच्या लायकीचं उरलं नव्हतं. माहेरी जाऊन राहावं का, असं माझ्या मनात येऊ लागलं. नुसतं येत नव्हतं, मी बॅगही खाली काढून ठेवली होती.

सासूबाईंनी ती बॅग पाहिली असावी. त्या संध्याकाळी त्यांनी काही न बोलता चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि सोफ्याखाली वाकून बघितलं. "इथे एक आवाज होता. कोणाच्या परवानगीने हलवला?" झालं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. भावजी पहारा सोडून खाली आले. त्या आवाज शोधत खोलीभर फिरल्या, नवऱ्याच्या खिशात पाहिला, माझ्या कानात पाहिला. हसून हसून मला ठसका लागला म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि अर्धवट लोटलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

गाडी फाटकाशी उभी होती. बाबा खिडकीजवळच भिंतीला लागून उभे होते, पिशवी काखेत, मान आवाजाच्या दिशेने कललेली. मी पेला हळूच ओट्यावर ठेवला. आत सासूबाई म्हणाल्या, "नोंद करा, आवाज फरार," आणि हशा उसळला, तसे बाबांचे खांदे हलू लागले. त्यांनी हात तोंडावर दाबून धरला होता. मग ते चवड्यांवर चालत गाडीकडे गेले, दार उघडलं, धाडकन आपटलं, खाकरले आणि फाटकाची कडी तीनतीनदा वाजवली.

आत पळापळ झाली. ते घरात आले तेव्हा नवरा पुस्तकात होता आणि भावजींच्या तोंडात लवंग होती. बाबांनी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. ठीक, म्हणाले. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी ओला हात रुमालाला पुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वळणापर्यंत चालत गेले. गाडी तिथेच उभी होती, इंजिन चालू. पुढची चाकं पार आडवी वळलेली. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग टोकाला पिळून धरून बसले होते, आणि नवा पंप जेमतेम गुणगुणत होता. मी काचेवर टकटक केलं.

"बाबा, टोकाला धरून ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय ना त्याने."

त्यांनी हात सोडले. "सवय," म्हणाले. बाजूच्या सीटवरची पिशवी त्यांनी मागे टाकली आणि मी आत बसले.

"नोकरीतही मी आदल्या दिवशी फोन करायचो," ते म्हणाले. "उद्या अचानक येतोय म्हणून. न सांगता गेलं की दिसतं. दिसलं की विचारावं लागतं. आणि मी विचारलं की माणसं गप्प होतात. मला दुसऱ्या तऱ्हेने विचारता येत नाही."

"मग विचारू नका. नुसते आत या."

"आत आलो की ती चष्मा काढून ठेवते." मी दचकले. ते म्हणाले, "मी वापरत नाही तो चष्मा, तरी त्याची काच रोज पुसलेली असते. तपासनीस होतो मी." मग त्यांनी विचारलं, "कशी करते गं?"

"हुबेहूब."

"माझ्या वडिलांची करायची. लग्न नवीन होतं तेव्हा. खोलीचं दार लावून, फक्त मला दाखवायची. मग कधीतरी तिने मला दाखवणं बंद केलं. कधी, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं धावत दिवे बंद केल्याचा, टीव्ही पुसल्याचा, माहेरची बॅग काढल्याचा. पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी म्हटलं, आज चला माझ्याबरोबर, मी सांगते सगळ्यांना. त्यांनी मान हलवली.

"आज नको. तू हो पुढे. मी दार आपटीन तेव्हा कळेलच." मी उतरले, तशी त्यांनी काच थोडी खाली केली. "आणि ऐक. ती स्वयंपाकघराची खिडकी जरा पूर्ण उघडी ठेव. काल मधलं काही नीट ऐकू आलं नाही."

मी घरी आले. माहेरची बॅग माळ्यावर टाकली आणि खिडकीची दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत उघडली. नवऱ्याने विचारलं, वारा कशाला घेतेस आत. सासूबाईंनी खणातून चष्मा काढून पदराने पुसला आणि नाकावर ठेवला.

"आई," मी म्हणाले, "आज जरा मोठ्याने."