पारोशी लक्ष्मी

“कडेनं धर! तोंडाला बोट लावू नकोस!”

नाण्यांच्या भर प्रदर्शनात बाबा माझ्यावर ओरडले. चष्मा पुसायचा म्हणून त्यांनी नाणं क्षणभर माझ्या हातात दिलं होतं. मी चाळिशीची बाई, फ्रँकफर्टच्या ऑफिसात लोक मला टरकून असतात, पण त्या नाण्यापुढे माझी किंमत शून्य. आमच्या घरात देवांपेक्षा कडक सोवळं कुणाला असेल तर त्या अर्ध्या डॉलरला.

बाबा आयुष्यभर इथल्या एका लिलावाच्या पेढीत जुनी अमेरिकी चांदीची नाणी तपासत आले. नाणं खरं की खोटं, किती झिजलंय, कुठल्या ठशानं पाडलंय, हे भिंगातून बघायचं आणि कॅटलॉगसाठी चार ओळी लिहायच्या. ओळींखाली नाव पेढीचं. बाबांचं ‘आत्माराम’ हे नाव जर्मनीत कुठे छापलं गेलं असेल तर दारातल्या ब्रीफकास्टनवर, आमच्या पत्रपेटीवर.

हे एक नाणं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. माझ्या जन्माआधी माइन नदीकाठच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, बटणांच्या डब्यात सापडलेलं, १७९५चं. त्या सालच्या बहुतेक अर्ध्या डॉलरवर गरुडाच्या पंखांखाली दोन-दोन पानं असतात, क्वचित तीन. ह्याच्यावर तीन होती. शिवाय दुसऱ्या बाजूला कोरलेल्या बाईच्या केसांवरून एक बारीक रेघ गेलेली. नाणी पाडता पाडता ठशाला तडा गेला की तो पुढच्या प्रत्येक नाण्यावर असा उमटतो. तीन पानं आणि हा तडा एकाच नाण्यावर कुठल्याच पुस्तकात नव्हते. त्यातही एका पंखाखालचं तिसरं पान इतकं पुसट, की भोवतीच्या काळेपणामुळेच काय ते ओळखू यायचं. म्हणून त्या काळेपणाला कुणी हात लावायचा नाही.

आणि आईच्या डोळ्यांत नेमका तोच खुपायचा. दर लक्ष्मीपूजनाला ती घरातली सगळी चांदी टूथपेस्टनं घासायला बसायची. निरांजन, अत्तरदाणी, आजीनं दिलेला रुपया. मग कपाटातल्या डबीकडे बघून म्हणायची, “अहो, तेवढी ती द्या ना. घरातली खरी लक्ष्मी ती, आणि बिचारी डबीत पारोशी!”

“पारोशी काय? मूळची आहे तशी आहे ती. दोनशे वर्षांत कुणी धुतलेली नाही.”

“मग पारोशी म्हणजे आणखी काय असतं हो?”

“आधी तिची ओळख ठरू दे,” बाबा म्हणायचे. “एकदा पक्की ठरली की तुझी. घास, पाटावर ठेव, काय वाट्टेल ते कर.”

गेल्या दिवाळीत आई सोफ्यावर पडूनच विचारत होती. केमोनं तिच्या हातात ब्रश धरायचंही बळ ठेवलं नव्हतं. “ह्या वर्षी तरी द्या हो.”

“जरा थांब ना, ऊर्मिला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला जाणकार इथेच येतोय.”

“बरं बाई, थांबते,” म्हणाली आणि हसली. फेब्रुवारीत गेली. थांबणं का तिच्या हातात होतं! मला त्या डबीचा इतका संताप आला, की उचलून माइनमध्ये भिरकावून द्यावीशी वाटली.

तर तो जाणकार आता ह्या प्रदर्शनात समोर बसला होता. बराच वेळ त्यानं नाणं दिव्याखाली फिरवलं, भिंग बदललं, आणि मग उठून बाबांचा हात हातात घेतला. ही जोडी आजवर कुणीच नोंदवलेली नाही, म्हणाला. त्याच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत येईल, शोधणाऱ्याच्या नावासकट. “फक्त पुढच्या महिन्यात फोटो काढेपर्यंत आहे तसं ठेवा. धुऊ नका. पुसूसुद्धा नका.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” बाबा म्हणाले. जन्मभर गिऱ्हाइकांना ते हेच तर सांगत आले होते.

परतताना एसबान लोकलमध्ये ते खिशावर हात ठेवून बसले होते. उतरायच्या आधी म्हणाले, “आता द्यायला हवी.”

मला वाटलं, फोटोला. “हो बाबा, देऊ की पुढच्या महिन्यात.”



यंदा आमच्याकडे सण नव्हता. आईचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. ना कंदील, ना फराळ. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाबांना एकटं नको म्हणून मी लवकर निघून त्यांच्याकडे गेले. किल्लीनं दार उघडलं तर आत नळ वाहत होता. सिंकपाशी बाबा उभे होते, बाह्या सरसावून. हातात आईचा चांदी घासायचा ब्रश, बोटांवर पांढरा फेस.

“बाबा! अहो, काय करताय!”

पर्स टाकून धावले, त्यांचं मनगट धरलं. कसलं काय! फेसाखाली नाणं नव्या चमच्यासारखं लखलखत होतं. मी ते दिव्याखाली तिरपं करून पाहिलं. पुसट पान कुठेच दिसेना.

“वेड लागलंय का तुम्हाला? नाव येणार होतं तुमचं! आयुष्यात एकदाच!”

“ओळख ठरली ना पण,” बाबा म्हणाले. “ठरली की तुझी, असं म्हटलं होतं मी तिला.”

“पण आई कुठेय आता!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“माहितीये गं मला.” त्यांनी नळ बंद केला. “थांब म्हटलं, तर थांबली बिचारी. मीच फार थांबवलं. आणि हे बघ, मला तिच्यासारखं जमतसुद्धा नाहीये. कडेचं काळं निघतच नाही.”

मला रडूच फुटलं. मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि कडा घासून दिल्या.

बाबांनी आईचा पाट मांडला. मग अडखळले. “वर्षाच्या आत कुंकू वाहिलेलं चालतं का गं?”

मला काय ठाऊक! असलं सगळं विचारायचं जिला, तीच नव्हती. “चालतं,” मी म्हटलं.

“मग तूच ठेव.”

मी नाणं उचललं. सवयीनं माझी बोटं कडेलाच गेली. बाबांनी माझा अंगठा धरला, कुंकवात बुडवला आणि नाण्याच्या तोंडावर टेकवला. नाणं अजून ओलं होतं.