ढवळीला गोचिडी लागेनात

माझ्या परसातला गोठा डॉक्टर रेग्यांना भाड्याने दिला, ही माझ्या नवऱ्याची अक्कल. पासष्ट साल असेल. डॉक्टर मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतले. म्हणायला गुरांचे डॉक्टर, पण गुरं बरी करायची सोडून गोचिडी पाळायचे. काचेच्या नळ्यांत त्यांची अंडी, तोंडाला कापसाचे बोळे, खाली गारव्याला ओली वाळू. पालघरात जावयाचीही एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही.

अंडी फुटली की मोहरीहून बारीक पिल्लांना रक्त पाजायला वासरू लागायचं. त्याच्या पाठीवरचे केस भादरायचे, तिथे बिनबुडाची कापडी पिशवी चिकटवायची, आत पिल्लं सोडायची आणि वरून दोरीने तोंड बांधायचं. पोट टम्म भरलं की ती आपोआप गळतात, मग वेचून पुन्हा नळीत. हे वासरू म्हणजे डोंगराकडच्या गोमाची ढवळी. पेंडीच्या बोलीवर त्याने ती देऊन टाकली, बायकोला न विचारता. बायको जमुना मोळी विकायला यायची, जाताना गोठ्यात ढवळीच्या गळ्यात पडायची आणि डॉक्टरांना शिव्या घालायची. मीही त्यात दोन जोडून द्यायची.

तर झालं काय, ढवळीला गोचिडी लागेचनात. दर वेळी पिशवीत सगळ्या मेलेल्या. डॉक्टर हरखले. असं वासरू जगात कुणाला सापडलं नव्हतं म्हणे. त्यांनी मुंबईला तार ठोकली. आता मोठे साहेब येणार, ढवळीला घेऊन जाणार, रक्त तपासणार आणि शेवटी चिरून आत काय आहे ते बघणार.

मी हे जमुनाला सांगितलं, तशी तिने डोक्यावरची मोळी खाली टाकली.

"शालूताय, मीच रोज पिशवीची गाठ सोडून करंजेल चोळते. तान्ह्या वासराला तेल नाय लावला तर कसा व्हायचा?"

त्यांच्या पाड्यावर तान्ह्या पोराला आणि वासराला एकाच वाटीतलं तेल. त्या कडू करंजाच्या तेलात गोचीड कसली जगते! डॉक्टरांना वास कसा यावा? तपकीर ओढून ओढून नाक कधीच मेलेलं. मी जमुनाला त्यांच्यापुढे उभी केली. ते म्हणाले, वासरू सुटावं म्हणून ही थापा मारतेय, पिशवीची गाठ मी स्वतः मारतो. मेल्याला मोळीवाल्या बाईपुढे गाठीची मिजास!

मोठे साहेब आले. म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत एकदा लावून बघू. जुनी पिशवी निघाली. साहेब जेवायला बसले तेवढ्यात जमुनाने राख आणि रिठ्याने ढवळीची पाठ घासून काढली. मग नवी पिशवी, नव्या गोचिडी आणि गाठीवर साहेबांची लाखेची मोहर. साहेब दोन दिवस सातपाटीच्या पापलेटावर ताव मारत राहिले. जमुना गोठ्याच्या दारात बसून राहिली. आणि गोचीड दिसली की ठेचणारी मी देवापुढे हात जोडून म्हणत होते, चावू देत रे बाबा.

पिशवी उघडली तेव्हा गोचिडी पाठीला घट्ट चिकटून मजेत रक्त पीत होत्या.

"साधंच वासरू आहे हो, रेगे," साहेब म्हणाले.

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. जमुना रडतही होती आणि हसतही होती.

"चावल्या गं शालूताय, चावल्या!"

तिने दावं सोडलं आणि ढवळीला घेऊन थेट रस्त्याला लागली. पाठीवर पिशवी तशीच. डॉक्टर मागून धावले.

"अहो बाई, माझ्या गोचिडी!"

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.