आईच्या हातची दूध-पोळी

कणकेत पाणी पुन्हा जास्त झालं. वासुदेवने मूठभर कोरडं पीठ परातीत टाकलं, मनगटाने कपाळ पुसलं आणि परत मळायला लागला. सांवेर रोडच्या कारखान्यात आठवडाभर गोदाम सांभाळल्यावर रविवारी पाठ धरायची. पण कणकेला रविवार नसतो.

बाहेरच्या खोलीत परेश आईला समजावत होता. परेश म्हणजे वासुदेवच्या बायकोचा, प्रमोदिनीचा, धाकटा भाऊ. बायकोशी, अनुश्रीशी, ठरवून आईला न्यायला भोपाळहून गाडी घेऊन आला होता. नवरा वारल्यापासून सुमनबाई लेकीकडेच राहत होत्या. लेक होती तोवर कोणी काही म्हटलं नाही. उन्हाळ्यात प्रमोदिनी गेली आणि परदेशीपुऱ्यातल्या या दोन खोल्यांत जावई आणि सासू, एवढेच उरले.

"लोक विचारतात गं आई. मुलगा असताना जावयाच्या घरी का? मी काय जवाब देऊ?"

"म्हणावं, तुमच्या घरचं बघा."

"मजाक नको ना. अनुश्रीने तुझा कमरा रेडी करून ठेवलाय. लिफ्ट आहे, खालीच मंदिर आहे."

वासुदेवचे हात थांबले. गेल्या तर बरंच, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं होतं. पण संध्याकाळी कामावरून येऊन कुलूप आपणच काढायचं, हे डोळ्यांसमोर आलं की तो विचार तिथेच अडायचा. राहा म्हणायला त्याला तोंड नव्हतं. ज्या नात्याने म्हणायचं, तेच आता राहिलं नव्हतं.

"मी गेले तर यांना कोण करून घालणार?" बाहेरून सुमनबाईंचा आवाज एकदम चढला. "यांना गॅससुद्धा पेटवता येत नाही."

वासुदेवने हातातल्या गोळ्याकडे पाहिलं.

"मतलब, स्वयंपाक तू करतेस?"

"मग काय आभाळातून पडतो? दोन्ही वेळ करते."

सुमनबाईंच्या हातांना कंप होता. चहाचा कपही त्या दोन्ही हातांनी धरायच्या. उन्हाळ्यापासून त्यांनी लाटण्याला हात लावला नव्हता.

परेश स्वयंपाकघराच्या दारात आला. "जीजाजी, खरंच?"

"मला तर चहापण जमत नाही," वासुदेव म्हणाला. "आई आहेत म्हणून चाललंय."

"आणि हे पीठ?"

"त्यांनी सांगितलं तेवढं मळून ठेवतोय. तेही बिघडलंय, बघ."

परेशने परातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चला, मग आज आईच्या हातची दूध-पोळी खाऊनच जातो. कितने साल हो गए."

तो सहज म्हणाला की पारखून बघायला, ते कळेना. तो बाहेर वळल्यावर सुमनबाई भिंत धरत आत आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसल्या.

"सरका तिकडे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मध्ये मध्ये करू नका."

वासुदेवने पोळपाट पुढे ओढला. तो लाटत होता आणि सुमनबाई चिमट्याने परातीच्या काठावर टकटक करत होत्या.

"पीठ केवढं सांडलंत! पुरुषांना एक काम म्हणून सांगायची सोय नाही." मग आवाज खाली आणून, "अहो, करपतेय."

त्याने पोळी उलटली. हसू येत होतं, ते त्याने दाबलं.

"हां, आता फुगली," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या. "बघा, अशी करतात पोळी. नुसतं बघत जा."

तीन पोळ्या झाल्या. वासुदेवने दूध गरम केलं, त्यात गूळ घातला, दोन पोळ्या कुस्करल्या आणि वाडग्यावर ताटली झाकली. सुमनबाईंनी वाडगा उचलायला हात पुढे केले आणि मागे घेतले.

"तुम्हीच न्या," त्या पुटपुटल्या. "सांगा, आई दमली."

परेश पलंगावर बसला होता. त्याने ताटली बाजूला केली, चमचा घातला आणि थांबला. वाडग्यात नखाएवढे तुकडे होते. पोळीचे काठ सगळे काढलेले. दात नसलेल्या माणसाला करून द्यावी, तशी दुधात विरलेली पोळी. वासुदेवच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. हातांनी रोज सुमनबाईंसाठी करायचं तसंच केलं होतं.

परेशने मान वर केली. वासुदेवच्या कोपरापर्यंत पीठ होतं. मग परेश खाली बघून खायला लागला. सावकाश, तळाशी चमचा लागेपर्यंत त्याने सगळं खाल्लं.

"काठांचं काय करता, जीजाजी?" त्याने हळूच विचारलं.

वासुदेवला दुसरं काही सुचलं नाही. "मी खातो. चहाबरोबर."

परेश रिकामा वाडगा मांडीवर घेऊन जरा वेळ बसला. मग उठून त्याने तो स्वतःच मोरीत धुतला आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं.

"आई, मी निघतो. तू राहा इथेच. जीजाजींच्या खाण्यापिण्याचं बघायला कुणी तरी पाहिजे ना."

"तेच तर मघापासून सांगतेय."

"अनुश्रीला सांगतो मी. चक्कर मारत जाईन." तो पाया पडला. जिना उतरताना त्याने मागे न बघता हात वर केला. "काही लागलं तर फोन करा, भिया," सख्ख्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला.

गाडीचा आवाज गल्लीतून गेला. वासुदेव आत आला.

"गेला?" सुमनबाईंनी विचारलं.

"गेला."

"काही कळलं नाही ना त्याला?"

"नाही. म्हणाला, आईच्या हातची चव अजून तशीच आहे."

सुमनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "असं तो म्हणणारच नाही. माझ्या पोळीला लहानपणापासून पापड म्हणायचा. ताईची, पमीचीच आवडायची त्याला."

वासुदेव ओट्याला टेकला.

"उभे काय राहिलात? सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. एक उरलीय ना? आणा इकडे. आणि दूध ओता वाटीत."

त्याने पोळी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जमिनीवर बसला. सुमनबाई कुस्करायला लागल्या. बोटं थरथरत होती. एक तुकडा मोठा व्हायचा, एक भुगा, एखादा वाटीबाहेर पडायचा. तो उचलून त्या परत आत टाकायच्या. वासुदेवने हात पुढे केला नाही. दूध निवून गेलं, तरी पोळी अर्धीच झाली होती. तो बसून राहिला.