तीन वाजताची खिडकी

भिंगवाल्याच्या दुकानात घड्याळ नव्हतं आणि त्याचं त्यावाचून कधी अडलंही नाही. चष्म्यांच्या कपाटाशेजारी जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर एक खिडकी होती. खिडकीतल्या पाण्याच्या टाकीवर ऊन चढलं की अकरा. समोरच्या गच्चीवरची पांढरी चादर उजळली की बारा. चादरीची सावली आखडली की एक. मग कॉम्प्युटर बंद करायचा, शटर ओढायचं आणि जिना चढून घरी जायचं. पाच वाजता परत यावं, तर खिडकीतलं ऊन पिकलेलं असायचं. गिऱ्हाइकाला नंबर तपासायच्या खुर्चीत बसवून हा आपला खिडकीत हरवलेला. "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" असं विचारलं की म्हणायचा, "बारा वाजले बघा."

ही खिडकी ताईची. थोरली बहीण, लग्न दोघांनीही केलं नाही, एका घरात जन्म गेला. ताईला लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटातल्या प्रणालीचं, भारी वेड. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनंच ते टाकलं होतं, आणि भावानं कुरकुर केली तेव्हा, "गप रे, तुला काय कळतंय?" म्हणून विषय मिटवला होता. पुढे आजारपणानं तिला अंथरुणाला खिळवलं. तेव्हा एक दिवस तिनं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर तासाला, पडल्या पडल्या दिसणाऱ्या खिडकीचा एकेक फोटो काढला. मग कॉम्प्युटर वर मागवून घेतला आणि अशी काही जादू केली की ज्या त्या तासाला त्या त्या तासाचा फोटो पडद्यावर आपोआप यावा.

"तू दिवसभर खाली बसतोस," ती म्हणाली. "माझं ऊन तरी बघत जा."

बघत होता बिचारा, सात वर्षं बघत होता. पण त्याच्या मनात एक काटा होता, तो काही निघत नव्हता. ताईच्या आजारपणाच्या महिन्यांत तो रोज एक वाजता वर जायचा, तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायचा, आज हिच्याशी पोटभर बोलायचं असं ठरवायचा आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचा. शेवटच्या दुपारीही तो झोपलेलाच होता. जाग आली तेव्हा ताई गेलेली होती. लोक म्हणायचे, "बहिणीचं किती केलंत हो!" आणि याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. केलं काय, तर झोपा काढल्या!

तर झालं असं, की लिनक्सची नवी आवृत्ती आली. ताई इंटरनेटवरच्या ज्या फोरमवर लिहायची तिथं चर्चेचा एक धागा निघाला, "नवी आवृत्ती टाकली का? अनुभव सांगा." हाही अधूनमधून तिथं डोकावायचा. कुणाचा मेलेला प्रिंटर जिवंत झाला होता, कुणाचा आवाज गेला होता, कुणी म्हणत होतं लोण्यासारखं चालतंय. "जुनं खोड" नावानं लिहिणाऱ्या एका जाणत्यानं सल्ला दिला होता: अपग्रेडच्या भानगडीत पडू नका. बॅकअप घ्या, डिस्क पुसा आणि कोरं करकरीत टाका.

भिंगवाल्याच्या अंगात वारं शिरलं. सुट्टीच्या सकाळी त्यानं "खिडकी" नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर ओढलं. पापणी लवायच्या आत काम फत्ते! एवढे मोठे अकरा फोटो असे चुटकीसरशी कसे गेले, ही शंका दुसऱ्या कुणालाही आली असती. यानं स्वतःची पाठ थोपटली आणि डिस्क पुसून टाकली.

त्या फोल्डरमध्ये फोटो नव्हतेच. फोटो कुठं ठेवलेत ते सांगणारे नुसते दुवे होते. खरे फोटो ताईनं भलत्याच कोपऱ्यात ठेवलेले. थोडक्यात काय, पठ्ठ्यानं पत्त्याची चिठ्ठी जपून ठेवली आणि घर पाडलं.

नवा पडदा आला. निळा, गुळगुळीत, सकाळ ना संध्याकाळ. भिंगवाल्यानं पेनड्राइव्ह लावून बघितला, एकही फोटो उघडेना. पुढचे दोन दिवस दुकानात वेळच झाली नाही. गिऱ्हाइकं यायची, फळ्यावरची अक्षरं वाचायची, जायची, आणि हा काचा पुसत निळ्याकडे बघत राहायचा. ताईचं ऊन आपल्या हातानं विझवलं, एवढं एकच मनात. तिची म्हणून राखायची शेवटची गोष्टही याला राखता आली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं धाग्यावर लिहिलं: "अनुभव: सगळं नीट चालतंय. फक्त माझ्या बहिणीचे खिडकीचे फोटो गेले. ती इथं 'खिडकीतली' या नावानं लिहायची. चूक माझीच."

जुन्या खोडानं लगेच माफी मागितली. पण त्याच्याखाली भूगोलाच्या एका बाईंचं उत्तर आलं: "अहो दादा, रडताय कशाला? ती खिडकी तुमच्या ताईनं सात वर्षांपूर्वी इथं सगळ्यांना वाटली होती. माझ्याकडे अख्खी आहे. पाठवते."

मग काय, रांगच लागली. एक जण बोटीवर इंजिन सांभाळायचा. चारी बाजूंना पाणी, पण अकराला त्याच्याकडे टाकीवर ऊन यायचं. एक शिंपीणबाई बाराच्या चादरीवरून आपल्या टाक्यांचा पांढरा जुळवायची. कुठल्या कुठल्या खोल्यांमधून ताईचा तो एकच दिवस रोज उगवत होता, रोज मावळत होता. भिंगवाल्याचा चष्मा धुरकटला. त्यानं तो पुसला, पुन्हा धुरकटला.

"एक विचारू का?" भूगोलाच्या बाईंनी लिहिलं. "ते झोपलेले काका कोण?"

"कसले काका? खिडकीत कुणीच नाही."

"अहो, तीनच्या फोटोत! आमचे सगळ्यांचे लाडके आहेत ते. तुम्ही पाहिले नाहीत?"

कसे पाहणार? तीन वाजता हा कॉम्प्युटर बंद करून वर. फोटो पोचले होते, लगेच उघडून बघता आले असते. पण हात होईना. ताईनं ज्याला जी वेळ नेमून दिली, त्यानं त्या वेळेलाच यावं. त्यानं सगळं जागच्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता शटर अर्धं ओढलं, पण वर गेला नाही. कपाटातल्या शेकडो काचांवर गल्लीतला उजेड हलत होता. दोन झाले. चादर निघून गेली होती, दोरी रिकामी. मग अगदी हळू, दोन फोटो एकमेकांत विरघळले आणि तीन वाजले.

खिडकीचं एक दार उघडं होतं. त्याच्या काचेमागं अंधारी भिंत आली होती, आणि काचेचा आरसा झाला होता. त्यात पलंगाची कड, औषधाची बाटली, एक खुर्ची. खुर्चीत हा. मान कलंडलेली, तोंड उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला. आणि एक हात पलंगावर, ताईच्या हातात.

हात धरलेला त्याला माहीतच नव्हता.

फोटोंबरोबर "आधी हे वाचा" नावाची एक फाइल आली होती. ती आधी कोण वाचतं? त्यानं आता उघडली. ताईनं प्रत्येक तासापुढे एकेक ओळ लिहिली होती. टाकी, चादर, कबुतर. तीनपुढे लिहिलं होतं:

"तीन: माझा भाऊ. या वेळी फार दुखतं. हा शेजारी घोरत असला की निभतं. म्हणून उठवत नाही. घोरणं पाठवता येत नाही, क्षमस्व."

भिंगवाला रडला. चांगला हमसाहमशी रडला, वेड्यासारखा. मग नाक पुसलं आणि धाग्यावर जाऊन लिहिलं:

"ते काका मी."

उत्तरांचा पाऊस पडत होता तेव्हा तो नंबर तपासायच्या खुर्चीत मागे रेलला होता. सात वर्षांत दुपारी त्याचा डोळा लागला नव्हता. पाच वाजता कुणीतरी शटर वाजवलं, तेव्हा त्याला उठवावं लागलं.