वेदीचित्राच्या रेषा

अरब देशातील त्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने निवेदिताच्या हातातील नळकांडे उघडले आणि आतील चित्र टेबलावर पसरले. सिंहासनावर माता, मांडीवर बालक, दोहो बाजूंस उभे संत, पुढे काळ्या-पांढऱ्या फरशीचा चौक. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतील एका चर्चच्या वेदीसाठी रंगविलेल्या चित्राची ती मोठी प्रत होती. निवेदिताच्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय या चित्रावरच उभा होता. नवऱ्याकडे, यान्बूच्या घरी बसून तो आठ दिवसांत पुण्याला धाडावयाचा होता, आणि दुसरी प्रत मिळण्याजोगी नव्हती.

अधिकारी अरबीत काही बोलला. महिलांच्या तपासणीवर असलेली श्रीवर्धनची शरीफा पुढे आली.

"बाय, तो विचारतो, ही तसबीर कशाला?"

"अभ्यासाला. निळे वस्त्र म्हणजे स्वर्ग, पायाशी लिलीचे फूल म्हणजे पावित्र्य, बाळाच्या हातातले डाळिंब म्हणजे त्याला पुढे सोसाव्या लागणाऱ्या यातना..."

"एवढं सगळं अरबीत मला नाय जमायचं. अभ्यासाला म्हणून सांगते."

अधिकाऱ्याने मान डोलावली. तो चित्र गुंडाळू लागला आणि त्याचे बोट खालच्या कोपऱ्यापाशी थबकले. तेथे हळदीचे बोट होते, वर कुंकवाचा ठिपका. निघताना सासूबाईंनी लावलेला. नव्या वस्तूला हळदकुंकू वाहिल्यावाचून ती वापरू नये, हा त्यांचा नेम; त्यातून शिवणयंत्र सुटले नव्हते, की मुलाची, गिरीशची स्कूटर.

"पूजेची आहे म्हणतो. पूजेची चीज इथं आणायला बंदी," शरीफाचा आवाज उतरला.

"आपा, आम्ही स्कूटरलाही लावतो."

"मला ठाव आहे. आमच्या शेजारी विहिरीच्या पंपाला लावत. पण याला सांगितलं, तर म्हणेल, स्कूटरपण यांचा देव."

तरीही तिने सांगितले. अधिकारी हसला नाही. चित्र येथेच राहील, खलास, एवढेच त्याचे उत्तर.

निवेदिताने फाईलमधून ट्रेसिंगचा कागद काढला. "नुसत्या रेषा उतरवून घेऊ द्या. माणूस एकही काढणार नाही."

शरीफाने बराच वेळ रदबदली केली. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले आणि दहा बोटे उभी केली.

टेबलाभोवती रांग वाढत होती, म्हणून तिने चित्र जमिनीवर अंथरले, गुडघे टेकले आणि पासपोर्टची कड पट्टीसारखी धरली. आधी मातेच्या मस्तकापासून संतांच्या पावलांपर्यंतचा त्रिकोण, मग फरशीच्या रेषा. त्या मातेच्या हृदयापाशी मिळतात, असे तिने ही प्रत मिळण्याआधी पुस्तकातील बोटभर छायाचित्रावरून कच्च्या खर्ड्यात लिहिले होते. येथे त्या हृदयाच्या बऱ्याच खाली, सिंहासनाच्या अगदी तळच्या पायरीवर एकवटल्या. पासपोर्ट सरकला असेल म्हणून तिने त्या पुन्हा ओढल्या. बिंदू हलला नाही. रेषा जेथे मिळतात, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी; चित्रकाराने ती वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यासाठी खाली आणली होती.

"यल्ला," अधिकाऱ्याने घाई केली.

शेवटची रेषा ओढून तिने चित्र स्वतःच्या हाताने परत दिले. अधिकाऱ्याने ट्रेसिंगचा कागद दिव्यासमोर धरला. कोठे चेहरा नव्हता. तो त्याने परत केला.

बाहेर गिरीश ताटकळला होता. "चित्र आलं ना?"

"नाही. गिरीश, वाटेत कुठे थांबू नकोस. सगळा अध्याय नव्याने लिहायचाय."