कानातले बोळे

कार्यक्रमांच्या मैदानावर सगळे त्याला बगळा म्हणत. चिखलात एका पायावर भार देऊन, एक डोळा मिटून हा गडी असा उभा राही की मासा यायचाच काय तो अवकाश. उघड्यावरच्या गाण्याबजावण्याचे फोटो काढण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. शेजारी भिंतीएवढे स्पीकर, म्हणून कानात कायम रबरी बोळे. घरी आला तरी ते काढायचं त्याच्या ध्यानात नसे.

बायको होती तोवर ती ते उपटून काढी. ती गेली, आणि घरात उरले बगळा आणि व्हायोलिन वाजवणारी मुलगी. मुलीचा एकही कार्यक्रम त्याने चुकवला नाही, भिंती तिच्या फोटोंनी भरल्या. एकदा जेवताना तिने विचारलं, "बाबा, काल शेवटी मी काय वाजवलं?"

"ते निळ्या लाइटमधलं ना?" बगळा म्हणाला.

ती भरल्या ताटावरून उठली. पुढे एका बँडबरोबर दुसऱ्या शहरात गेली. कधी फोन आलाच तर 'तब्येत कशी' आणि 'बरी आहे' एवढ्यावर आटपायचा. त्याला घर खायला उठे, पण सांगणार कुणाला? भिंतीवरच्या फोटोंना?

आणि आता तोच बँड या मैदानावर येणार होता. मुलीचा निरोप आला: 'भेटणं जमणार नाही, लगेच निघायचंय. पण या.' शेवटचे दोन शब्द त्याने किती वेळा वाचले, त्याला गणती नाही. आपल्या पोरीला आपल्या हातचा फोटो हवाय, असा अर्थ त्याने लावला. दुसरा अर्थ त्याला येणार तरी कुठून?

फोटोवाल्यांना स्टेजपुढे पहिली तीन गाणी उभं राहू देतात, मग बाहेर. त्या संध्याकाळी वारं असं सुटलं की पाऊस आडवा येत होता. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, तिला रबरबँड. पहिलं गाणं सगळं लाल उजेडात गेलं, चेहरे म्हणजे नुसता टोमॅटोचा गर. लाइटवाल्याला शिव्या हासडून झाल्या. दुसऱ्या गाण्यात लेन्सवर वाफ धरली. ती बनियनने पुसली, तर आणखीच पसरली. रिकाम्या हाताने परतलो तर पोरीला काय तोंड दाखवायचं?

तिसऱ्याला वाफ विरली आणि पांढरा उजेड नेमका तिच्यावर आला. व्हायोलिन खाली धरून ती माइकपाशी आली, थेट त्याच्याकडे बघत काही बोलली. मागचे लोक टाळ्या वाजवू लागले. बगळ्याने बटण दाबलं ते सोडलंच नाही.

मग ती वाजवू लागली, आणि हा पिशवीत डोकं खुपसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत बसला. तिचे डोळे नीट आलेत ना? पापणीवरचा थेंबसुद्धा आला होता. रखवालदाराने खांद्यावर हात ठेवला, हसून काहीतरी म्हणाला. बगळ्याने नेहमीसारखी मान डोलावली आणि बाहेर पडला.

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा निवत होता आणि तो फोटो एकामागून एक पुढे सरकवत होता. तिचे ओठ मिटलेले. उघडे. पुन्हा मिटलेले. पुन्हा उघडे. त्याने आपलेही ओठ तसे हलवून पाहिले, आणि रिकाम्या घरात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला: "बाबा."

पुढेही तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणते ते काही त्याला लागेना. शेवटच्या फोटोत तिने बोट आपल्या कानाला लावलं होतं. त्यानंतर फोटोच नव्हता.

बगळा रडला. मग त्याने पापणीवरच्या थेंबाचा फोटो तिला पाठवला.

'छान आलाय,' उत्तर आलं. थोड्या वेळाने आणखी एक: 'आणि गाणं?'

'फारच सुंदर' असं त्याने लिहिलं, आणि खोडलं. मग लिहिलं: 'ऐकलं नाही. माझ्यासाठी परत वाजवशील?'

उत्तर आलं नाही. त्याने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि कानाला हात लावला. डावा बोळा कालपासून तिथेच होता. तो काढून त्याने कपाशेजारी ठेवला आणि फोनकडे बघत बसला.